मांडवगडचे धुके

माळव्यातल्या मराठी घरांत मृगाच्या सरी पडल्या की दोन बेत हमखास ठरतात. एक भुट्ट्याच्या किसाचा आणि दुसरा मांडवगडचा. पहिला त्याच आठवड्यात पार पडतो. दुसरा मात्र आज-उद्या करता करता गोकुळाष्टमीपर्यंत लांबतो, आणि घर डॉक्टरचे असेल तर दिवाळीपर्यंतही. त्यातून ते बालरोगतज्ज्ञाचे असल्यास विचारायलाच नको. पावसाळा हा आमच्या बाह्यरुग्ण विभागाचा सुगीचा काळ. जुलाब, कावीळ, डेंग्यू, दमा या सगळ्यांना तोंड देऊन जो रविवार उरेल त्यावर सहलीचा हक्क असतो, आणि असा रविवार सहसा उरत नाही.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये तो उरला. अकरा तारखेला नारळी पौर्णिमा झाली होती. पाठोपाठ दुसरा शनिवार, रविवार आणि सोमवारी स्वातंत्र्याची पंच्याहत्तर वर्षे. देवासचे आम्ही दोन मोटारींतून आणि धारचे आमचे स्नेही एका मोटारीतून असा चौदा जणांचा काफिला ठरला. इथल्या शेजाऱ्यांचा ‘सावन’ पौर्णिमेलाच संपला होता. आपला श्रावण मात्र निम्मा उरला होता. दोन पंचांगांत राहणाऱ्या आपल्यासारख्यांना अशा वेळी एक फायदा असतो : शेजाऱ्यांचा उपवास सुटल्यावर आपण सहलीला निघालो तरी आपला श्रावण चालूच असतो. आमच्या सौभाग्यवतींनी दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लसणाची चटणी बांधून घेतली होती. चटणी पाहून मातोश्रींनी ‘श्रावणात लसूण?’ म्हणून भुवया उंचावल्या, तेव्हा सूनबाईंनी सोयीस्करपणे शेजाऱ्यांचे पंचांग पुढे केले.

पावसातच मांडवगड का पाहावा, हा प्रश्न नवा नाही आणि त्याचे उत्तरही नवे नाही. १६१७ साली बादशहा जहांगीर मार्चमध्ये येथे आला आणि पावसाळा काढून ऑक्टोबरात निघाला. पावसाळ्यातल्या मांडूइतके सुखद हवेचे आणि रमणीय स्थळ आपल्या पाहण्यात नाही, अशा अर्थाचे त्याने आपल्या आत्मवृत्तात लिहून ठेवले आहे. तलावांभोवती दिव्यांची आरास करून नूरजहानने केलेल्या उत्सवाचेही त्यात वर्णन आहे. इंग्रजांचा वकील सर टॉमस रो त्याच्याबरोबर होता. त्याने मात्र उन्हाळ्याअखेर गडावर पाण्याचे किती हाल झाले याची तक्रार नोंदवली आहे. एकाच जागेची, एकाच वर्षातली ही दोन वर्णने. बादशहाला पाणी भरावे लागत नव्हते, एवढाच काय तो फरक.

आपल्या व्यवसायाचाही मांडूशी जुना संबंध आहे, हे फारसे कोणी सांगत नाही. महमूद खलजीने १४४५ साली येथे सार्वजनिक शिफाखाना काढला आणि मौलाना फजलुल्ला या हकिमाकडे तो सोपवला. जहाज महालापुढे छायाचित्रे काढून घेणाऱ्या माझ्या डॉक्टरमित्रांना मी हे दरवेळी सांगतो आणि दरवेळी ते ‘हो का?’ म्हणून पुन्हा कॅमेऱ्याकडे वळतात.

आता धुक्याविषयी. मांडवगड विंध्याच्या अगदी दक्षिण काठावर सुमारे ६३४ मीटर उंचीवर वसला आहे. उत्तरेला काकडा खोह नावाची खोल दरी त्याला माळव्याच्या पठारापासून तोडते. दक्षिणेला, जिथे रूपमतीचा मंडप आहे, तिथे कडा जवळजवळ ३६५ मीटर सरळ खाली निमाडात उतरतो. नैर्ऋत्येकडून येणारी ओली हवा निमाडच्या सपाटीवरून निर्वेध येते आणि या कड्यावर आपटून वर चढते. वर चढलेली हवा थंड होते, थंड झाली की तिच्यातली वाफ पाण्याच्या कणांत उतरते. म्हणजे मांडूवर जे ‘धुके’ म्हणून दिसते ते खरे पाहता ढगच असतात. आपण ढगाकडे पाहत नसतो, त्याच्या पोटात उभे असतो. म्हणूनच धारला स्वच्छ ऊन असताना पस्तीस किलोमीटरवरच्या मांडूत हाताचा पंजा दिसत नाही, असे होते. हवामान खात्याचा जिल्ह्याचा अंदाज गडाला लागू पडत नाही तो यामुळेच.

चौदा तारखेला आम्ही पहाटे देवास सोडले. इंदूरचा बाह्यवळण रस्ता, बेटमा, घाटाबिल्लोदला पोहे आणि जिलेबी. वाटेत प्रत्येक घरावर, टपरीवर, ट्रॅक्टरवर तिरंगा होता आणि प्रत्येक तिरंगा भिजून काठीला चिकटला होता. धारला तिसरी मोटार येऊन मिळाली. तिच्यात आमचे भूलतज्ज्ञ मित्र होते. स्वभावाने अत्यंत सावध. रुग्ण शुद्धीवर आल्याखेरीज चहा न घेणारे. त्यांनी पहिले वाक्य उच्चारले ते असे : ‘खाली कारमच्या धरणाला गळती लागली आहे. आज वर जायचे का, ते एकदा ठरवा.’

कारम नदीवरचे कोठीदा येथले हे मातीचे धरण नवेच बांधले जात होते. अकरा तारखेला त्याच्या भिंतीतून पाणी झिरपताना दिसले आणि खालच्या बाजूची अठरा गावे रिकामी करण्याचे काम सुरू झाले. त्यांतली काही धार जिल्ह्यात, काही खरगोनमध्ये. लष्कराची तुकडी आली होती, हेलिकॉप्टरे सज्ज होती, आणि साठलेले पाणी बेताबेताने सोडून देण्यासाठी भिंतीच्या कडेने चर खणण्याचे काम रात्रंदिवस चालू होते. आग्रा-मुंबई रस्त्यावरची वाहतूकही थांबवावी लागली होती. आमचा रस्ता निराळा, नालछ्यावरून जाणारा, पठारावरचा. त्याला त्या पाण्याचा काही धोका नव्हता. म्हणून आम्ही निघालो. पण गप्पांचा सूर बदलला तो बदललाच.

नालछा सुटले आणि ढग खाली आले. मांडूचा रस्ता सह्याद्रीच्या घाटांसारखा उंच नव्हे, परंतु वळणांचा आणि अरुंद; आणि जुन्या वेशींतून एका वेळी एकच वाहन जाते. आलमगीर दरवाज्याजवळ आम्ही पोहोचलो तेव्हा समोरून येणारी बस तिच्या भोंग्यावरून ओळखावी लागली. आमच्या पुढच्या मोटारीतला धारचा चालक खाली उतरला, पांढरा पंचा हातात धरून वेशीतून चालत गेला आणि पलीकडून ओरडला, तेव्हा आम्ही एकेक करून पार झालो.

गडावर काय पाहिले? प्रामाणिकपणे सांगायचे तर काही नाही. जहाज महालाचे जहाज ढगात बुडाले होते. मुंज तलाव आणि कपूर तलाव यांच्यामध्ये आपण उभे आहोत हे पायऱ्यांवरच्या फलकामुळे कळले. होशंगशहाच्या कबरीचा संगमरवरी घुमट आणि आकाश यांत फरक करता येत नव्हता. रूपमतीच्या मंडपावरून नर्मदा दिसते, असे पाहुण्यांना सांगण्याची आपल्याकडे रीत आहे. त्या दिवशी कठडाच दहा पावलांवरून दिसेना. आमच्यातल्या दोन कॉलेजकन्यांची निराशा पाहवत नव्हती. सौभाग्यवती मात्र खुशीत होत्या. त्यांच्या मते गर्दी दिसत नाही हेच मोठे दर्शन.

मंडपावर दहा-बारा माणसे दक्षिणेकडे तोंड करून नुसती उभी होती. त्यांत सहलीचे लोक थोडे आणि गावातले अधिक. त्या पांढऱ्या पडद्यापलीकडे, खाली कुठेतरी, अठरा गावांची माणसे टेकड्यांवर आणि शाळांत जाऊन बसली होती. गुरे सोडून दिली होती, असे एकाने सांगितले. दावे कापून सोडली, म्हणजे पाणी आलेच तर आपापली वाट काढतील. फोनला क्षणभर संदेशवहन मिळे आणि लगेच तुटे. इतक्या सुंदर म्हणून वाखाणलेल्या जागी उभे राहून माणसे आपल्या घराच्या दिशेने पाहत आहेत आणि त्यांना काहीच दिसत नाही, हे दृश्य मी यापूर्वी पाहिले नव्हते.

परत जहाज महालाशी आलो तेव्हा पावसाने जोर धरला होता. कमानीखाली खुरासानी चिंच विकणाऱ्या बायका ओळीने बसल्या होत्या. ही चिंच म्हणजे आफ्रिकेतले बाओबाबचे झाड. ते मांडूत शेकडो वर्षांपूर्वी आले आणि असे रुजले की गडाची ओळखच होऊन बसले. २०२३ मध्ये धार जिल्ह्यातली ही जुनी झाडे उपटून परराज्यात नेण्यावरून मोठा गदारोळ झाला आणि उच्च न्यायालयाला लक्ष घालावे लागले, हे वाचकांना आठवत असेल. फळाचा आंबट गर पुड्यांत बांधून या बायका विकतात.

त्यांतल्या एकीच्या मागे, भिंतीला टेकून, नऊएक वर्षांचा मुलगा गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. अंगातला शर्ट ओला. माझे लक्ष गेले ते त्याच्या न हलण्याकडे. थंडीने कुडकुडणारे मूल हलते, हात चोळते, आईला बिलगते. हा मुलगा डावा दंड उजव्या हाताने धरून अगदी स्थिर होता. ज्या मुलाला हलले की दुखते ते असे बसते. जवळ जाऊन पाहिले. डोळ्यांचा पांढरा भाग पिवळट, जीभ फिकट, अंग तापलेले. आईला विचारले तर म्हणाली, ‘हाडे दुखतात. दर पावसाळ्यात दुखतात.’ लहानपणी? हातापायांचे पंजे सुजले होते, एकदा नव्हे दोनदा. याच्या वरची एक मुलगी होती. ती ‘पिलिया’ने गेली.

डॉक्टर वाचकांना पुढचे सांगायला नको. इतरांसाठी थोडक्यात : सिकल सेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. हिमोग्लोबिनच्या साखळीत एका जागी एक अमिनो आम्ल बदललेले असते. एवढ्यानेच तांबड्या पेशी प्राणवायू कमी झाला की विळ्यासारख्या वाकड्या आणि कडक होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसतात. जिथे अडकतात तिथे असह्य वेदना. १९१० साली शिकागोच्या हेरिकने अशा पेशींचे प्रथम वर्णन केले. भारतात १९५२ मध्ये निलगिरीतल्या आदिवासींत हा दोष प्रथम नोंदला गेला. धार, झाबुआ, अलीराजपूर या आपल्या भिल्लबहुल पट्ट्यात तो सर्वश्रुत आहे. भिजणे आणि गारठा हे त्याचे नेहमीचे निमित्त. त्वचेजवळच्या वाहिन्या आकसतात, रक्ताची चाल मंदावते, आणि पेशींना वाकडे व्हायला तेवढा वेळ पुरतो. ज्या हवेसाठी आपण शंभर किलोमीटर गाडी हाकून येतो, तीच हवा या मुलाच्या हाडांत शिरलेली होती.

खुरासानी चिंच आफ्रिकेतून आली, मग हा दोषही तिकडूनच आला असेल, असा तर्क आमच्या शल्यविशारद मित्रांनी नंतर मांडला. तर्क मोहक आहे, पण तेवढा सरळ नाही. भारतातल्या आणि अरबस्तानातल्या रुग्णांतील जनुकीय प्रकार आफ्रिकेतील प्रकारांहून वेगळा ओळखला जातो. तो स्वतंत्रपणे उपजला की फार प्राचीन काळी एकाच मुळातून फुटला, याविषयी शास्त्रज्ञांत एकमत नाही. मांडूच्या झाडांइतका अलीकडचा तर तो खासच नव्हे.

मोटारीत करोनाच्या काळातला पल्स ऑक्सिमीटर अजून पडून होता. प्राणवायू ९२ टक्के, ताप १०२. मला वेदनेपेक्षा या दोन आकड्यांची धास्ती वाटली. या मुलांची प्लीहा पुष्कळदा लहानपणीच निकामी होते. त्यामुळे ताप म्हणजे जंतुसंसर्ग नाही असे सिद्ध होईपर्यंत तो आहेच, असे धरून चालायचे. आणि प्राणवायू उतरू लागला तर छातीतच पेशी अडकू लागल्या असाव्यात ही शंका घ्यायची. मुलगा अठरा किलोच्या आसपासचा. पॅरासिटामॉलची अर्धी गोळी दिली, ओले कपडे काढून सौभाग्यवतींच्या शालीत गुंडाळले, थर्मासमधला गरम चहा पाजला. इतके झाल्यावर प्रश्न उरला तो रस्त्याचा.

भूलतज्ज्ञ म्हणाले, ढग उठेपर्यंत थांबू. दरीत गेलो तर चौदाचे सोळा होऊन कोणाच्याच उपयोगाचे राहणार नाही. त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. परंतु मांडूचा ढग कधी उठेल हे जहांगीरालाही सांगता आले नसते, आणि मुलाच्या छातीत काय चालले आहे हे त्या कमानीखाली कळणे शक्य नव्हते. मी म्हटले, एक मोटार जाईल, बाकीच्या थांबतील. शेवटी तेच आमच्याबरोबर आले. पुढच्या आसनावर बसून दर पाच मिनिटांनी मागे वळून ऑक्सिमीटरचा आकडा विचारीत राहिले.

खरी अडचण निराळीच होती. आई येईना. पंधरा ऑगस्टची जोडसुटी म्हणजे तिच्या वर्षातले मोठे दिवस. पावसाने दोन दिवस आधीच बुडाले होते. त्यातून तिचे माहेर खाली निमाडात, रिकाम्या केलेल्या गावांपैकी एका गावात. भावाचा निरोप इथेच, या टोपलीशी येणार होता. इथून उठली तर त्याने तिला शोधायचे कुठे? आमच्यातल्या एकाने सगळी टोपलीच विकत घेण्याची तयारी दाखवली. ती हसली नाही. ‘आज घ्याल. उद्याच्या गिऱ्हाइकाला काय सांगू?’ असे तिने विचारले. तिच्याकडे उत्तर मागण्याचा आपल्याला काय अधिकार, असे क्षणभर वाटले. मग मी तिला थोरल्या मुलीविषयी विचारले. ती कशी गेली, किती दिवसांत गेली. तिने सांगितले. सांगता सांगताच उठली. शेजारच्या बाईकडे टोपली सरकवली, भावासाठी निरोप ठेवला आणि मोटारीत येऊन बसली.

पस्तीस किलोमीटरला आम्हाला दोन तासांवर वेळ लागला. नालछ्यापर्यंतचा टप्पा तर चालणाऱ्या माणसाच्या गतीने. वेशीशी पुन्हा तोच पंचा, तीच हाक. मुलगा रडला नाही. वळणावर मोटार हेलकावली की तेवढा श्वास रोखून धरी. प्राणवायू एकदा नव्वदपर्यंत उतरला आणि पुन्हा एक्याण्णवावर स्थिरावला. नालछ्यापुढे ढग एकाएकी संपले. मागे पाहिले तर पठाराच्या कडेवर कापसाची भिंत उभी होती आणि समोर धारच्या किल्ल्यावर ऊन.

धारला त्याला दाखल केले तेव्हा हिमोग्लोबिन साडेसहा. क्षकिरणचित्रात उजव्या फुप्फुसाच्या तळाशी सावली. प्राणवायू, शिरेतून प्रतिजैविके, वेदनाशामके, बेताचे सलाइन आणि रक्त. रक्त देण्याआधीच तपासणीचा नमुना काढून ठेवला, कारण नंतर काढला तर दात्याच्या पेशी मिसळून निदान फसते. तरुण सहकाऱ्यांना हे मी आवर्जून सांगतो. विद्राव्यता चाचणी त्याच दिवशी होकारार्थी आली. इंदुरास पाठवलेल्या एचपीएलसीचा अहवाल नंतर आला : एसएस.

त्या संध्याकाळी वॉर्डबाहेर कोणाच्या तरी मोबाइलवर बातमी चालू होती. कारमचे पाणी खणलेला चर रुंदावत, भिंतीचा भाग घेऊन सुटले होते. प्रचंड लोंढा होता. पण गावे रिकामी होती आणि जीवितहानी झाली नाही. आई मोबाइलच्या पडद्यात आपले गाव शोधीत होती. दुसऱ्या दिवशी झेंडावंदनानंतर भाऊ स्वतःच धारला आला. शेत वाहून गेले होते. बैल सापडले होते. भाच्याला पाहून त्याने आधी बैलांचे सांगितले.

मांडूतच राहिलेल्या आमच्या मंडळींना ढग उठल्यावर तिसऱ्या प्रहरी अर्धा तास निमाड दिसले म्हणे. कॉलेजकन्यांनी काढलेली छायाचित्रे उत्तम आली आहेत. तेवढा विरोधाभास मी सोसला.

पुढे मुलाच्या घरच्या सर्वांची तपासणी करून घेतली. आई-वडील दोघेही वाहक. थोरला मुलगाही वाहक. चार वर्षांची धाकटी मुलगी एसएस, जी तोवर अगदी ठणठणीत दिसत होती. दोघांना न्यूमोकॉकसची लस, फॉलिक आम्ल आणि लहानीला पेनिसिलिन सुरू झाले, मुलाला हायड्रॉक्सीयुरिया. मध्य प्रदेशाचे हिमोग्लोबिनोपॅथी मिशन २०२१ च्या नोव्हेंबरात सुरू झाले होते, आणि १ जुलै २०२३ रोजी आपल्याच राज्यातल्या शहडोलहून राष्ट्रीय मोहीम जाहीर झाली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असे तिचे उद्दिष्ट आहे. कागदावर हे फार मोठे आहे. माझ्या मते अडचण तपासणीत नाही, दर महिन्याच्या गोळीत आहे. पावसाळ्यात मांडूहून धारला येण्याचा एक दिवस म्हणजे विक्रीचा एक दिवस; आणि मूल बरे दिसू लागले की तो दिवस वाया गेल्यासारखा वाटतो. वेदनेने रडणाऱ्या मुलासाठी आई वाटेल ती वाट तुडवते. न रडणाऱ्यासाठी तिने यावे, ही अपेक्षा फार वरची आहे, आणि तिच्यासाठी गोळी गडावर जायला हवी. आमच्या धारच्या स्नेह्यांनी ते आपल्या परीने लावून घेतले आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी कोणी ना कोणी वर जातो. ढग असले तरी.

सहकाऱ्यांना एवढीच विनंती, की पावसाळ्यात सांधे किंवा हाडे दुखतात म्हणून आलेल्या, फिकट आणि पिवळट डोळ्यांच्या मुलाला संधिवाताची चिठ्ठी लिहिण्यापूर्वी विद्राव्यता चाचणी करावी. ती स्वस्त आहे आणि साध्या प्रयोगशाळेत होते.

मुलाला आता मिसरूड फुटू लागले आहे. त्या ऑगस्टनंतर तो दोनदा दाखल झाला. रक्त एकदाच द्यावे लागले. धाकटी अजून एकदाही नाही. जून ते सप्टेंबर दोघांनी स्वेटर घालायचे आणि भिजायचे नाही, असे मी बजावले आहे. ऐन श्रावणात स्वेटर घातलेली पोरे पाहून सहलीला आलेले लोक हसतात, अशी धाकटीची तक्रार आहे. गेल्या खेपेस तिने मला विचारले की स्वेटर लाल रंगाचा चालेल का.